रेडियम नसलेलं रेडियम

रात्री रस्त्याकडेला उभी गाडी. मागचे लाल दिवे लांबूनच झळकतात, म्हणून आत कुणीतरी असेल असं वाटतं. जवळ जावं तर आत कुणी नाही आणि बॅटरीही पार उतरलेली. झळकत होता तो टेललाइटच्या शेजारचा रिफ्लेक्टर. त्याला सर्रास 'रेडियम' म्हणतात, पण १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधलेल्या त्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा इथे कणही नाही. रेडियम मिसळलेला घड्याळाच्या काट्यांवरचा रंग अंधारात आपला आपण उजळायचा. रिफ्लेक्टरवर प्रकाश टाकला नाही तर तो ठार काळा.

त्याचं प्लॅस्टिक बाहेरून गुळगुळीत असतं, पण आतल्या बाजूला बारीक बारीक कोपरे दाटीने बसवलेले असतात. कोपरा म्हणजे अक्षरशः खोलीचा कोपरा: एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन भिंती. प्रकाशकिरण पहिल्या भिंतीवर आपटला की त्याच्या दिशेचा एक घटक उलटतो, दुसरीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. तिन्ही उलटले की किरण आला तसाच माघारी. साधा आरसा हे फक्त समोरासमोर धरला तरच करतो.

घरी करून बघा. अंधारात दहा-बारा मीटरवरून टॉर्च कानशिलाला लावून रिफ्लेक्टरकडे पाहा, लखलखीत दिसेल. आता टॉर्चचा हात बाजूला लांब करा. चमक झपकन उतरते, कारण प्रकाश टॉर्चकडे परततो, तुमच्या डोळ्यांकडे नाही. झुडपात चमकणारे डोळे म्हणजे भूत मानणाऱ्यांनीही हाच प्रयोग करावा. मांजराच्या दृष्टिपटलामागचा चकचकीत थर प्रकाश असाच माघारी धाडतो.

मला यातली सर्वात देखणी गोष्ट वाटते ती ही, की त्या भिंतींना पाऱ्याचा किंवा चांदीचा मुलामाच नसतो. ॲक्रिलिकमधून हवेकडे निघालेला किरण ४२ अंशांहून जास्त तिरपा आला तर बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. समोरून आलेला किरण या भिंतींवर जवळपास ५५ अंशांनी आपटतो, म्हणजे ऐसपैस पास. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेले शंभर लोलक याच घडणीचे आहेत.

'स्मोक्ड लूक'साठी दिव्यावर काळी फिल्म चिकटवणाऱ्यांसाठी एक गुणाकार. फिल्म ३० टक्के प्रकाश सोडत असेल, तर दिव्याचा उजेड ३० टक्क्यांवर येतो. रिफ्लेक्टरचा प्रकाश मात्र तिच्यातून जाताना एकदा आणि येताना एकदा गाळला जातो. उरतात ९ टक्के.

माझ्या जुन्या गाडीचा रिफ्लेक्टर एका पावसाळ्यात अर्धाच चमकू लागला. तडा मागच्या बाजूला होता, आत पाणी शिरलेलं. कोपऱ्यांमागे हवेऐवजी पाणी आलं की ४२ अंशांची अट ६३ वर जाते आणि ५५ अंशांचे किरण नापास होऊन मागच्या मागे निसटतात. पाणी जिथवर चढलं होतं, तिथवर काळोख. वर लाल चकाकी. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.