गोट्यांची नक्षी आणि इको आर्ट

5 जूनचा पर्यावरण दिन आला की कृष्णाकाठी कुणीतरी गोटे गोळा करून गोल मांडतं, ड्रोननं वरून फोटो घेतं आणि खाली लिहितं, ‘हवामानबदलावरची कलाकृती’. मांडणी कधीकधी देखणीही असते. पण ते लँड आर्ट झालं, म्हणजे माती-दगडांनी जमिनीवरच मांडलेली कला. त्याला इको आर्ट, म्हणजे निसर्गाच्या बिघाडाशी थेट भिडणारी कला, म्हणू नका. सांगलीत चित्रकला शिकवणारेसुद्धा दोन्हींची खिचडी करतात, याचा आता वीट आलाय.

लँड आर्टबद्दल लांबण लावत नाही. अमेरिकन कलाकार रॉबर्ट स्मिथसनची ‘स्पायरल जेटी’ सगळ्यांना पाठ आहे : 1970, युटामधलं खारं सरोवर, दीड हजार फुटांचं दगडमातीचं वेटोळं. त्यासाठी डंपर लावून सहा हजार टनांवर माल ओतला होता, तेवढं मात्र विसरू नका. दोन्ही प्रकार उघड्यावरचे, दोन्हींत माती-दगड. त्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते यावर, की त्या जमिनीला जे झालंय त्याच्याशी कलाकृतीचं काही देणंघेणं आहे का? स्मिथसनना तिथल्या पाण्याचा लालसर रंग भावला होता. कलाकार मेल चिन मात्र 1991 मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या ‘पिग्ज आय’ कचरा डेपोवर गेले ते माती बिघडली होती म्हणून. तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू मुरला होता. कृषिशास्त्रज्ञ रूफस चेनी यांना सोबत घेऊन त्यांनी जड धातू मुळांवाटे ओढून पानांत साठवणाऱ्या वनस्पती लावल्या. चौकोनी कुंपण, आत गोल वाफा, बघायला एवढंच. पीक कापायचं आणि त्यात किती धातू उतरला ते तपासायचं. ‘रिव्हायव्हल फील्ड’ म्हणतात ते हेच.

आता वाळवा-मिरज पट्ट्यातलं क्षारपड रान घ्या. उसाला पाणी सोडून सोडून मीठ वर आलंय. उन्हाळ्यात वरंब्यावरचा पांढरा थर खरवडला तर नखांत भरतो. त्या थरावर काठीनं कमळ काढलं, तर लँड आर्ट. त्याच रानात निचऱ्याचे चर काढून धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरला आणि पांढरा थर कुठवर हटला हे हंगामागून हंगाम लोकांना दाखवत राहिलं, तर इको आर्ट. मला विचाराल तर दुसरंच करा, फोटो वाईट आला तरी चालेल.

सगळ्या इको आर्टनं दुरुस्तीच केली पाहिजे असं नाही. कलाकार ओलाफुर एलियासन यांनी 2015 च्या हवामान परिषदेवेळी ग्रीनलँडच्या बर्फाचे 12 तुकडे पॅरिसच्या चौकात घड्याळासारखे मांडले. लोकांनी हात लावले, बर्फ वितळून गेला. ग्रीनलँडात जे चाललंय तेच तिथं डोळ्यांदेखत झालं, म्हणून मी ते याच बाजूला धरतो.

उलट, सरोवर आटून ‘स्पायरल जेटी’ कोरड्यात पडली म्हणून तिलाही हवामानावरची कलाकृती म्हणणारे भेटतात. उद्या कृष्णा आटली, तर घाट बांधणारे पर्यावरणवादी ठरणार का?

राहिला प्लास्टिकच्या बाटल्या जोडून केलेला मासा. तो तिसराच प्रकार. त्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणा, माझी हरकत नाही.