परसबाग मार्गदर्शक प्रशिक्षण (खानदेश)

परसबाग मार्गदर्शक म्हणजे अंगणातल्या, गच्चीवरच्या किंवा शाळेच्या आवारातल्या बागेबद्दल आपल्याच गावातल्या लोकांना विनामोबदला शिकवणारा प्रशिक्षित स्वयंसेवक. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात शहरी लोकांच्या बागेविषयीच्या प्रश्नांना विद्यापीठाचा विस्तार विभाग पुरा पडेना, तेव्हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे ‘मास्टर गार्डनर’ पद्धत निघाली : आधी शिकायचे, मग ठरलेले तास लोकांना शिकवायचे. महाराष्ट्रात उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील कृषी सखींचे (शेतीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिलांचे) पोषण परसबागेचे काम याच्या जवळचे आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांकडून तांत्रिक आधार मिळतो.

प्रशिक्षण उन्हाळ्यात सुरू करून हिवाळ्यापर्यंत चालवावे. चार दिवसांच्या वर्गात रोग फळ्यावरच दिसतात. रोपांची मर पावसाळ्यात आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) हिवाळ्याच्या तोंडावर प्रत्यक्ष वाफ्यात दाखवता येते.

पहिला धडा मातीचा. तापीकाठची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओलावा, ओळखता आलाच पाहिजे. पेरभर खोलीची माती मुठीत दाबून गोळा करावा व कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. फुटून भुसभुशीत पसरला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर कुदळ लावू नये, नाहीतर ढेकळे विटेसारखी वाळतात. परीक्षणाचा नमुना आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा २० सेंमी खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेच्या पातळ कापाचा काढावा. सर्व माती सावलीत सुकवून एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. नुकतेच खत टाकलेल्या जागेचा नमुना फसवा असतो.

पावसाळ्यात भाजीपाला १५ ते २० सेंमी उंच गादीवाफ्यावरच घ्यावा. सपाट वाफ्यात पाणी साचून वांगी-मिरचीची रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. बियाण्यास किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) चोळल्याने मर कमी होते, पण निचरा नसेल तर ट्रायकोडर्माचाही उपयोग होत नाही. कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ती आक्रसून कडेला फट पडते, पाणी तिथूनच निघून जाते आणि मुळे कोरडी राहतात. माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा कोकोपीट समभाग घ्यावे.

मार्गदर्शकाची खरी कसोटी निदानात लागते. ‘पाने पिवळी पडली, काय फवारू?’ हा नेहमीचा प्रश्न. त्यावर आधी पाहावे, कोणती पाने? खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. येथील चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा झाडाला युरिया देऊन काही साधत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारावे आणि शेणखत वाढवावे. भेंडीच्या शिराच पिवळ्या पडल्या असतील, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून नष्ट करावे. मे महिन्यात भर दुपारी माना टाकलेली झाडे संध्याकाळी सावरत असतील, तर माती बोटाने खोलवर तपासल्याशिवाय पाणी वाढवायला सांगू नये. जास्त पाण्यानेही मुळे गुदमरतात.

निंबोळी अर्क प्रत्येकाने स्वतः करून पाहावा : ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, लिटरभर द्रावण करून त्यात २ ग्रॅम साबण मिसळावा. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा, कारण उन्हाने त्यातले कीडरोधक द्रव्य लवकर नष्ट होते. जुन्या, बुरशी आलेल्या निंबोळ्या वापरू नयेत.

शिकवण्याची भाषा घरातली असावी : गावात अहिराणी, सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी किंवा भिली. मार्गदर्शकाने रासायनिक औषधाचे प्रमाण अंदाजाने सांगू नये. रोगट झाडाचा नमुना ओलसर कागदात गुंडाळून त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. भेटीच्या वहीत तारीख, पीक, लक्षण व दिलेला सल्ला लिहावा आणि पंधरवड्याने त्याच वाफ्यावर जाऊन परिणाम नोंदवावा.