संगणकाला लढाईआधी रसद कळली

खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या निवृत्त हवालदाराला ‘सँड मॉडेल’ समजावून सांगावं लागत नाही. वाळूत टेकड्या उठवायच्या, रंगवलेल्या भुश्शाची झाडी करायची, दोरीचे चौकोन आखायचे, उत्तरेचा बाण ठेवायचा आणि त्यावर हल्ल्याचा हुकूम समजवायचा. त्यात नसतो तो फक्त नुकसानीचा हिशेब.

तो प्रशियाच्या राइसविट्झ या तोफखाना अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळात पक्का बसवला: १:८००० चा नकाशा, दोन मिनिटांची एक चाल, फासे, नुकसान किती ते सांगणारी कोष्टकं आणि मध्ये पंच. कोष्टकं डोईजड झाली, तेव्हा १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी ती बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोपवला. कोष्टक खरं की अनुभव, हे भांडण तेव्हापासूनचं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने कोष्टकाच्या बाजूने गणित मांडलं. सारख्याच ताकदीचे १०० विरुद्ध ५०, आणि प्रत्येकाला समोरचे सगळे दिसताहेत, कुणावरही नेम धरता येतोय. तर ५० संपेपर्यंत १०० मधले सुमारे ८७ उरतात, कारण बळ संख्येच्या वर्गाने वाढतं. एकास एक झुंज असेल तर मात्र ५०च उरतात. म्हणजे उघड्या माळावरचं सूत्र खानापूरच्या जंगलात लावलं तर उत्तर बिनचूक येतं आणि खोटं ठरतं. सिम्युलेशनमधली, म्हणजे गणिताने केलेल्या लढाईच्या नकलेतली, ही जुनी खोड आहे.

अनुभवाची बाजू १९७० च्या दशकात एक्स्पर्ट सिस्टीमने, म्हणजे जाणकाराचा अनुभव नियमांत उतरवून चालणाऱ्या संगणक-प्रणालीने, उचलली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवणाऱ्या ‘मायसिन’मध्ये सुमारे ६०० ‘जर-तर’ नियम होते. नियम वेगळे, त्यांवरून निष्कर्ष काढणारं यंत्र वेगळं. लष्करात हा साचा अडतो तो नियम गोळा करतानाच. “या नाल्यातून चढायचं नाही,” सुभेदारसाहेब ठामपणे सांगतील, का, विचारलं तर म्हणतील, “दिसतंय की!” हे ‘दिसतंय’ नियमात कसं उतरवायचं? शिवाय नवा नियम घातला की जुना कुठेतरी त्याला आडवा जातो.

लष्करात संगणकाला खरं यश आलं ते मोजता येणाऱ्या कामात, रसदीत. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या ‘डार्ट’ या प्रणालीने एका वेळी ५०,००० पर्यंत वाहनं, माल आणि माणसं हलवण्याच्या योजना आखल्या. आधी आठवडे खाणारं काम तासांवर आलं. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, कुठल्या वाटेने, आणि दोन गोष्टी आपसात अडकल्या तर काय, एवढंच तिला पाहायचं होतं. तरीही यादीत ट्रकची उंची चुकली, तर असं यंत्र तो जहाजात बसवून मोकळं होतं.