लघुग्रह विजेने वितळले?

उल्कापाषाणांचे मूळ पिंड, म्हणजे ते ज्यांतून तुटून आले ते लघुग्रह, सूर्याच्या तरुणपणीच्या वाऱ्याने त्यांच्यात वीज खेळवल्यामुळे तापले, असं आजही सांगितलं जातं. शास्त्रज्ञ सॉनेट यांनी १९६८मध्ये मांडलेली कल्पना देखणीच होती. पण तिथे एक चूक राहिली: त्यांनी पिंडापासून दूर, मोकळ्या वाहणाऱ्या प्लाझ्मातलं (त्या वाऱ्यातल्या विद्युतभारित वायूतलं) विद्युत क्षेत्र हिशेबात धरलं. पृष्ठभागालगत प्लाझ्मा अडखळतो, मंदावतो आणि ते क्षेत्रच नाहीसं होतं. मेंझेल आणि रोबर्ज या संशोधकांनी २०१३मध्ये हे दाखवलं. अर्थात विशिष्ट प्रवाहात वीज थोडीफार तापवू शकते, हेही त्यांनीच सांगितलं.

खरा विस्तव ॲल्युमिनियम-२६चा: हे किरणोत्सारी ॲल्युमिनियम उष्णता सोडत मॅग्नेशियम-२६ बनतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, जेमतेम ७ लाख वर्षं. मेक्सिकोत १९६९मध्ये पडलेल्या आयेंदे उल्केतले पांढरे ठिपके पाहा: जिथे ॲल्युमिनियम जास्त, तिथेच मॅग्नेशियम-२६ही जादा!