चूक कोणत्या पट्टीवरची?

गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 मध्ये माहिती मोजायची रीत घालून दिली, तेव्हा मजकुराचा अर्थ त्याने हिशेबातून सरळ वगळला. चार शक्यतांपैकी एक निवडली की दोन बिट माहिती, मग ती निवड कशाचीही असो. डीएनएत दर जागी ए, टी, जी, सी यांपैकी एकच अक्षर असते. माणसाचा जनुकसंच सुमारे 3.1 अब्ज अक्षरांचा. म्हणजे फार तर 775 मेगाबाइट. मोबाइलमधल्या एखाद्या सिनेमाएवढा.

पण बिटांवरून परिणामाचा अंदाज येत नाही. हिमोग्लोबिनमधल्या बीटा-ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीतले सहावे अमिनो आम्ल 'जीएजी' या तीन अक्षरांनी ठरते. त्याचे 'जीएए' झाले तर काहीच बिघडत नाही, दोन्हींचा अर्थ ग्लुटामिक आम्लच. 'जीटीजी' झाले तर तिथे व्हॅलिन बसते. मग ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल म्हणून ओळखला जातो तो हाच आजार. बदल दोन्हीकडे एकाच अक्षराचा.

आता नकलेकडे वळू. डीएनए दोन पट्ट्यांचा असतो, एसमोर टी आणि जीसमोर सी अशा जोड्यांनी जुळलेला. नक्कल होताना या पट्ट्या सुटतात आणि प्रत्येक जुन्या पट्टीसमोर नवी जुळवली जाते. ई. कोलाय जिवाणूचा डीएनए 46 लाख अक्षरजोड्यांचा. नक्कल एका जागेवरून दोन्ही दिशांना, सेकंदाला सुमारे हजार अक्षरांच्या वेगाने निघते आणि साधारण 40 मिनिटांत संपते. नुसत्या जोडी जुळवण्यावर भिस्त ठेवली तर लाखात एखादे अक्षर चुकते. नक्कल करणारे पॉलिमरेज विकर चुकीचे अक्षर तिथल्या तिथे छाटते, त्यामुळे चुका शंभरपटीने घटतात. तरीही काही निसटतातच.

जीसमोर सीऐवजी टी बसला आहे असे समजा. तिथे दुहेरी पट्टीची ठेवण किंचित बिघडते आणि म्यूट-एस हे प्रथिन ती हेरते. पण चुकले कोण, जी की टी? जुन्या पट्टीवरचा जी काढला तर चूकच कायम होईल. उत्तर शेजारी असते. 'जीएटीसी' या क्रमातल्या ए वर जिवाणू मिथाइल गटाची खूण करतो, आणि नव्या पट्टीवर ती उमटायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत म्यूट-एच हे दुसरे प्रथिन बिनखुणेची, म्हणजे नवी, पट्टी कापते. तिथून चुकीच्या पलीकडपर्यंतचा तुकडा, कधीकधी हजारभर अक्षरांचा, काढून पुन्हा भरला जातो. एका अक्षरासाठी एवढी उधळपट्टी! खूण करणारे विकर नसले तर उत्परिवर्तने वाढतात. ते प्रमाणाबाहेर झाले तरी वाढतात, कारण खूण वेळेआधीच उमटते.

म्हणजे दुरुस्ती करणारी प्रथिनेही शॅननसारखीच अर्थाकडे पाहत नाहीत. त्यांना कळते ती फक्त न जुळलेली जोडी. सिकलसेलचा बदल दोन्ही पट्ट्यांवर नीट जुळलेला असल्याने त्याचीही इमानेइतबारे नक्कल होते.

माणसात मिथाइलची ही खूण नाही. नव्या पट्टीतल्या फटींसारख्या खाणाखुणांवर काम भागते. ही दुरुस्ती करणारी प्रथिने घडवणाऱ्या एमएसएच-2 किंवा एमएलएच-1 या जनुकात जन्मजात दोष असेल तर लिंच सिंड्रोम होतो आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग तरुण वयातही उद्भवू शकतो. 'एएएएए' अशा एकसुरी जागी पॉलिमरेज घसरते आणि एखादे अक्षर कमीजास्त होते, ते दुरुस्त करायला कोणी उरत नाही. म्हणून गाठीच्या नमुन्यात अशा जागांची लांबी निरोगी ऊतीशी ताडून पाहतात. ती बदललेली आढळली तर उपचारही बदलू शकतो: अशा गाठींत विचित्र प्रथिने भरपूर तयार होतात आणि प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारी औषधे त्यांवर अधिक चांगली लागू पडतात.