डिपॉझिटमधून कापायचं किती? घर सोडतानाच्या वादाची पार्श्वभूमी

परीक्षा संपल्या की कोल्हापुरात राजारामपुरीत, सागरमाळावर, कळंब्याच्या बाजूला खोल्यांपुढे टेम्पो लागतात. गाद्या, कपाट, शेगडी खाली येते आणि जिन्यातच बोलणं सुरू होतं: "रंगाचे कापून घेतो, बाकीचे पुढच्या महिन्यात देतो."

ज्या डिपॉझिटवरून हे होतं, ते घेणंच एकेकाळी गुन्हा होता. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 18 नुसार ठरलेल्या भाड्याखेरीज पागडी किंवा डिपॉझिट घेणारा मालक शिक्षेला पात्र होता. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि इथल्या घरमालकांचा संबंध त्या कायद्यांशी आला. बंदीनं पैसे थांबले नाहीत, ते बिनपावतीचे झाले. पावतीच नाही तर परतीचा हिशेब मागायचा कुठं? ती सवय अजून गेलेली नाही, आणि मला तीच या वादाची खरी मुळी वाटते.

1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क नसलेल्या नुसत्या वापराच्या परवानगीवर, राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक धास्तावले. हा गुंता 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं सोडवला. 31 मार्च 2000 पासून तो लागू आहे. कलम 56 नं डिपॉझिट घेणं कायदेशीर केलं, कलम 24 नं लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळायची वाट दिली. पण कलम 55 नं करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. तोंडी ठरलेल्या कपातीवर अडून बसणाऱ्या मालकानं हे ध्यानात ठेवावं.

कापायचं किती, याचं उत्तर मात्र त्याहून जुन्या कायद्यांत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 108: वेगळं काही ठरलं नसेल तर भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा मिळाली तशी परत करायची, पण वापरानं होणारी साधारण झीज आणि माणसाच्या हाताबाहेरचं संकट वगळून. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरीतल्या घरांत पंचगंगेचं पाणी शिरलं. भिंतीवर उमटलेली ती मातकट रेघ भाडेकरूनं ओढलेली नव्हती. तिचा खर्च त्याच्या डिपॉझिटमधून कापणं अन्यायच.

करार कायदा, 1872, कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, तीही लिहिलेल्या रकमेच्या आतच. "एक महिन्याचं भाडं रंगासाठी" ही छापील अट या कसोटीवर तपासावी. समजा रंग पाच वर्षं टिकणारा, खर्च 10,000 रुपये, आणि भाडेकरू तीन वर्षं राहिला. त्यानं भिंत खरोखर खराब केली असली तरी उरलेल्या दोन वर्षांचे 4,000 कापावेत, सगळे नाहीत. खिळ्याचं भोक, फिकटलेला रंग ही झीज. फुटलेलं बेसिन, थकलेलं लाईट बिल ही कपात, बिल दाखवून. घरफाळा तर, करारात वेगळं नसेल तर, मालकाचाच.

2021 चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवतो आणि देणं वजा करून बाकी रक्कम ताबा घेतानाच परत द्यायला सांगतो. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो नमुनाच राहतो. तरी चावी हातात घेताना मीटरचं रीडिंग, कपातीचा कागद आणि उरलेले पैसे एकाच वेळी द्यायला कोल्हापुरातल्या कुठल्याही मालकाला कायदा आड येत नाही.