काडीसारख्या बाईले शुगर कशी निघते? प्रेग्नन्सीतल्या शुगरची जुनी गोष्ट

सहाव्या महिन्यात वहिनीची शुगर वाढलेली निघाली तेव्हा आजी म्हणे, "शुगर तं बसून खाणाऱ्यायले होते, हे तं दिवसभर वावरात रायते." वहिनी 23 वर्षांची, अंगानं काडी, पहिलंच बाळंतपण, दिवस गेलेले असतानाही कापूस वेचायला जायची. आजीचा प्रश्न चुकीचा नाहीच, कितीतरी वर्षं डॉक्टर लोकही असंच धरून चालले होते.

1824 मध्ये बर्लिनच्या बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरानं 22 वर्षांच्या एका बाईबद्दल लिहून ठेवलं, पाचवं बाळंतपण, सारखी तहान, लघवीत साखर, आणि बाळ इतकं मोठं की जन्मताना वाचलं नाही, बाईची साखर मात्र बाळंतपणानंतर गेली. पुढं हळूहळू धोका ओळखायची यादी तयार होत गेली: वजन जास्त, वय जास्त, आईबापाला शुगर, आधीचं बाळ चार किलोच्या वर किंवा पोटातच गेलेलं. यादीत बसली तर तपासा, नाहीतर घरी जा. 1964 मध्ये बोस्टनमध्ये 752 बायांवरून ग्लुकोज टेस्टचे आकडे ठरले, पण ते आईला पुढं मधुमेह होईल का एवढंच बघून ठरवलेले, बाळाचं बघून नाही. बाळाचं कोडं त्याआधी कोपनहेगनच्या पेडरसननं मांडलं होतं, आईची साखर वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडं जाते पण साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि फुगतं.

आता आपल्या बाया. वार जे हार्मोन सोडते त्यानं प्रत्येकच गरोदर बाईचं इन्सुलिन कमी काम करतं, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडानं जोर लावला तर निभतं, नाही लावता आला तर शुगर चढते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि बाळं बघितली, बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडची 3.5 किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू बारीक आणि चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणजे वरून रोड, आतून चरबी, आणि हीच बाळं पुढं वहिनीसारख्या पोरी होतात. मला तर इथंच आजीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, कारण वजनाची जुनी यादी गोऱ्या बायांच्या अंगावरून बेतलेली होती आणि आपली रोड पोरगी तिच्यातून सरळ निसटते.

म्हणून चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी सगळ्याच बायांना तपासायचा आग्रह धरला, आणि तेही उपाशीपोटी नाही. हे फार मोलाचं आहे, आमच्याकडे पीएचसीला (सरकारी आरोग्य केंद्रात) यायचं तर एसटी धरायची, घरचा स्वयंपाक उरकायचा, उपाशी कोण येणार? जेवण झालेलं असो नसो, 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी द्यायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं, 140 किंवा वर आली तर शुगर. केंद्र सरकारनं 2014 मध्ये हीच पद्धत घेतली: एकदा पहिल्या भेटीत, आणि नॉर्मल आली तर परत 24 ते 28 आठवड्यांत. वहिनीची पहिली टेस्ट नॉर्मलच होती, दुसरीत सापडली.

बाळंतपणानंतर साखर जाते हे बेनेविट्झनंही बघितलं होतं, पण अशा बाईला पुढं कायमचा मधुमेह व्हायचा धोका बराच वाढतो, म्हणून सहा आठवड्यांनी परत टेस्ट लागते. वहिनी तेव्हा माहेरी होती, बाळाच्या लशी वेळेवर झाल्या, तिची टेस्ट कोणाच्याच ध्यानात राहिली नाही. मागच्या महिन्यात आशाताईनं आठवण केली तेव्हा आईच तिला घेऊन गेली.